घण मारणाऱ्याची मजुरी : लहान लोहारकामाचा धंदा कसा चालवावा



आज मी लोहारकामावर बोलणार आहे. कोयता कसा घडवायचा हे मात्र मी सांगणार नाही. ते शिकवण्याचा अधिकार माझा नाही, तो ज्यांचा हात वीस-तीस वर्षं ऐरणीवर चालला त्यांचा. मी सांगणार आहे ते एवढंच, की दोन-चार माणसांची भट्टी चालवून महिन्याचा खर्च भागेल, उधारी अंगावर येणार नाही आणि कुणाचा डोळा जाणार नाही, असा धंदा कसा ठेवायचा.

हे ऐकणारे दोन प्रकारचे लोक असतील असं मी धरून चालतो. एक, ज्यांच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि ज्यांची मुलं आता विचारतात, ‘यात पुढे काही आहे का?’ दुसरे, माझ्यासारखे. नोकरी संपली, हाताशी थोडे पैसे आहेत, चार व्हिडिओ पाहिले आणि विस्तवाची भुरळ पडली. पहिल्या लोकांची चूक अशी की ते स्वतःची मेहनत हिशोबात धरत नाहीत. दुसऱ्यांची चूक अशी की ते स्वतःची हौस तेवढी धरतात. मी दोन्ही चुका जवळून पाहिल्या. त्यातली दुसरी मी स्वतः केली.

मी सैन्यातून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गेली, त्यामुळे लोखंडाची ओळख होती. भोपाळच्या बाहेर एक शेड घेतली आणि एका उस्तादांबरोबर काम सुरू केलं. उस्ताद गाडिया लोहारांपैकी. आपल्याकडे महाराष्ट्रात घिसाडी समाज जसा गावोगाव फिरत आला, तसे हे राजस्थान, माळवा, गुजरात या भागांत बैलगाड्यांवर संसार घेऊन फिरणारे. चितोड पडलं, तेव्हा ‘गड परत मिळेपर्यंत घर बांधणार नाही’ अशी शपथ पूर्वजांनी घेतली, असं त्यांची परंपरा सांगते. १९५५ साली पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांना समारंभाने चितोडगडावर नेण्यात आलं. पण शपथ सुटली म्हणून घर मिळतं असं नाही. आजही कित्येक शहरांत रस्त्याच्या कडेला त्यांच्या भट्ट्या दिसतात. उस्ताद सांडशीत तापलेलं लोखंड धरतात, आणि समोर उभ्या राहून घण मारतात त्या त्यांच्या पत्नी. आम्ही सगळे त्यांना चाची म्हणतो. या चाचींवरूनच मी हिशोबाकडे येतो, कारण आमचा हिशोब तिथेच चुकत होता.

एका कोयत्याचा हिशोब

उस्ताद आधी एक कोयता तीनशे रुपयांना विकायचे. मी विचारलं, यात सुटतात किती? म्हणाले, शंभर-सव्वाशे. आम्ही वही घेऊन बसलो. आकडे आमच्या भट्टीचे आहेत, तुमच्याकडे वेगळे येतील. पण रीत हीच ठेवा.

ट्रकच्या कमानीचा पाटा आठशे ग्रॅम, ६५ रुपये किलोने ५२ रुपये. कोळसा अडीच किलो, २४ रुपये किलोने ६० रुपये. लाकडी मूठ आणि रिव्हेट ४५ रुपये. बेल्ट, कटिंगच्या चकत्या, तेल, वीज मिळून ३० रुपये. बेरीज १८७. तीनशेतून वजा केले तर ११३ उरतात. उस्ताद बरोबर बोलत होते.

मग मी विचारलं, दिवसात किती होतात? पाच. म्हणजे दिवसाला ५६५ रुपये, आणि तेही दोन माणसांचे! दिवसभर घण मारणारी बाई आणि तीस वर्षांचा कारागीर, दोघांना मिळून ५६५. आमच्या भागात तेव्हा गवंड्याच्या हाताखाली विटा उचलणाऱ्या एकट्या माणसाला याहून फार कमी मिळत नव्हते. आणि भट्टी महिन्याचे तीसही दिवस पेटत नाही. भंगार आणायला जावं लागतं, बाजार करावा लागतो, पावसात कोळसा भिजतो, घरात लग्नकार्य निघतं.

मी वहीत एक ओळ घातली : घण मारणाऱ्याची मजुरी. उस्ताद म्हणाले, ‘ती कशाला? ती तर घरचीच आहे.’ मी विचारलं, उद्या चाची आजारी पडल्या तर? बाहेरचा माणूस लावाल ना? त्याला किती द्याल? ते बराच वेळ गप्प राहिले. म्हणाले, ‘सहाशे.’ चाची तिथेच कोळसा फोडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, पण हातोडी थांबली होती.

आता हिशोब असा झाला. उस्तादांचे ९००, चाचींचे ६००, मिळून दिवसाला १५००. पाच कोयत्यांवर वाटले की एकावर ३००. शेडचं भाडं, अवजारांची झीज, भट्टी न पेटलेल्या दिवसांचा वाटा मिळून ४०. १८७ अधिक ३०० अधिक ४०, म्हणजे ५२७. दहातला एक नग बिघडतो, म्हणून त्यावर दहा टक्के धरले की ५८०. आणि धंदा वाढावा म्हणून वीस टक्के नफा, ११६. झाले ६९६. कोयत्याची किंमत ७०० रुपये.

तीनशेचे सातशे! उस्ताद हसले. म्हणाले, शेतकरी सातशेला कोयता घेईल का? नाही घेणार. बाजारात कारखान्याचा कोयता अडीचशेला मिळतो. पण पुढचे सगळे निर्णय या हसण्यातून निघाले. सातशेपेक्षा कमी किमतीत आपण कोयता विकला, तर फरकाची रक्कम कुणाच्या तरी अंगातून जाते. आमच्याकडे ती पिढ्यान्‌पिढ्या घण मारणाऱ्या बाईच्या अंगातून जात होती. म्हणून माझा पहिला सल्ला : घरातलं माणूस काम करत असलं तरी त्याची मजुरी वहीत लिहा. पैसे घरातच राहिले तरी लिहा. ती ओळ कोरी ठेवून काढलेली किंमत खोटी असते.

काय करायचं आणि काय नाही

कारखान्याशी किमतीत स्पर्धा करू नका. तिथे पत्र्यातून एका दाबात नग पडतो. तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत ज्या कारखान्याकडे नाहीत. पहिली म्हणजे दुरुस्ती. कुऱ्हाडीला धार लावणं, पहारीचं टोक काढणं, बोथट फाळ नीट करणं, तुटलेल्या खुरप्याला नवी नळी बसवणं. यात लोखंड लागत नाही, कोळसा कमी लागतो आणि पैसे जागेवर रोख मिळतात. आम्ही बुधवार दुरुस्तीचा ठरवला. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी त्या दिवशी येतात. आठवड्याचा कोळसा आणि चहापाणी त्यातून निघतं. शिवाय, अवजार कुठे मोडतं, कुठे वाकतं, हे दुरुस्तीत रोज दिसतं. नवा माल कसा करायचा ते या मोडक्या मालानेच आम्हाला शिकवलं.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसाप्रमाणे आणि प्रदेशाप्रमाणे वस्तू घडवणं. आपण मराठी माणसं आज कुठे कुठे आहोत ते बघा, बडोदा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद, दिल्ली, बंगळूर. आपला विळा हिंदी पट्ट्यात हंसिया होतो, गुजरातीत दातरडुं, कन्नडमध्ये कुडगोलु. नुसतं नाव बदलत नाही, वाक बदलतो, दात बदलतात, मुठीचा कोन बदलतो. केरळातली वेट्टुकत्ती, तमिळनाडूतला अरुवाळ, आसामातला दाओ आणि आपला कोकणातला कोयता यांची कामं जवळजवळ तीच, पण एकाची सवय असलेल्या हाताला दुसरा चालत नाही. कारखाना एकच साचा देशभर पाठवतो. तुम्ही गिऱ्हाइकाला विचारू शकता, ‘उजवा की डावा हात? नारळ सोलायचा की झुडपं तोडायची? वजन किती पेलतं?’ हे विचारून केलेल्या कोयत्याला सातशे देणारी माणसं आहेत. फळबागा आणि नर्सरी चालवणारे, गच्चीवर भाजी लावणारे, नारळाची बाग असलेले लोक आहेत. त्यांना शोधावं लागतं.

म्हणून सुरुवातीला तीनच वस्तू ठरवा आणि त्या चांगल्या करा. आमच्या तीन : कोयता, कुऱ्हाड, खुरपं. फाटक, जाळ्या, दिवे, शोभेच्या वस्तू यांची मागणी येते, पण प्रत्येक नवी वस्तू म्हणजे नवी सांडशी, नवा साचा आणि पहिले दहा नग वाया.

आणि एक गोष्ट चुकूनही करू नका. तलवारी. तुम्ही भट्टी सुरू केलीत की महिन्याभरात कुणीतरी येऊन म्हणेल, मिरवणुकीसाठी दोन तलवारी करून द्या, पैसे सांगाल तेवढे. शस्त्र नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार शस्त्रांच्या यादीत येतं. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेलं अवजार त्यातून वगळलं आहे. कोयता मोठा असला तरी तो शेतीचं अवजार आहे. तलवार, खंजीर, भाला नाही. परवान्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. मी सैन्यात होतो म्हणून लोकांना वाटतं मला हे जमवता येईल. मी त्यांना चहा पाजतो आणि परत पाठवतो.

लोखंड ओळखा आणि त्याची पावती ठेवा

आता माझी चूक सांगतो.

पहिल्याच वर्षी आम्हाला साठ कुऱ्हाडींचं काम मिळालं. नग ८५० रुपये, एकूण ५१ हजार. मुदत महिन्याची. मी घाईने भंगारातून पाट्यांचा मोठा ढीग स्वस्तात उचलला. काम सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की उस्तादांनी नऊ कुऱ्हाडी बाजूला भिंतीशी ठेवल्या आहेत. मी विचारलं, या इथे का? ते म्हणाले, ‘ऐसे ही, साब.’ मला साठ पुरे करायचे होते. मी त्या नऊही खोक्यात भरल्या आणि माल रवाना केला.

पंधरा दिवसांत अकरा कुऱ्हाडी परत आल्या. काहींची धार पत्र्यासारखी वळली होती, काहींचा तुकडा उडाला होता. त्यातला एक तुकडा तिथल्या मजुराच्या भुवईला लागला. चार टाके पडले. दोन बोटं खाली लागला असता तर डोळा गेला असता. मी त्या माणसाला भेटायला गेलो. तो माझ्यावर रागावला नाही. त्याने मला बसायला खाट दिली. त्या खाटेवर बसणं मला फार जड गेलं.

परत आल्यावर मी अकरा कुऱ्हाडी उस्तादांपुढे मांडल्या. त्यांनी एकेक हातात घेऊन त्यातल्या नऊ वेगळ्या केल्या. तुम्हाला माहीत होतं? हो. कसं? काही पाटे कमानीचे नव्हतेच, हातोड्याखाली मऊ जात होते. काहींत जुनी बारीक भेग होती, ऐरणीवर आवाज भदं येत होता. मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, ‘साब, आपने पूछा ही नहीं.’

मंडळी, मी तीस वर्षं वर्कशॉपमध्ये तपासणीच्या कागदांवर सह्या केल्या. गाडी रस्त्यावर जाऊ द्यायची नाही असं हवालदाराला वाटत असेल, तर त्याला ते बोलता आलं पाहिजे, हे मी दुसऱ्यांना शिकवत होतो. आणि माझ्याच शेडमध्ये माझं साहेबपण एका कारागिराच्या तोंडावर हात ठेवून बसलं होतं. मी विचारलं होतं ते ‘या इथे का’ असं, जाब विचारावा तसं. ‘काय वाटतं तुम्हाला’ असं विचारलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही शेडमध्ये एक लाल डबा ठेवला. कुणालाही, काल आलेल्या पोरालासुद्धा, एखाद्या नगाबद्दल शंका आली तर त्याने तो डब्यात टाकायचा. कारण सांगायची गरज नाही. डब्यातला नग तपासल्याशिवाय बाहेर काढायचा अधिकार कुणालाही नाही, मला तर नाहीच. अकरा कुऱ्हाडी बदलून दिल्या, चार जास्त दिल्या, दवाखान्याचा खर्च दिला. त्या महिन्याचा नफा गेला, पुढच्या महिन्याचाही गेला. पण ते गिऱ्हाईक आजही आमचं आहे.

मालाचं तंत्र थोडक्यात सांगतो. साधं लोखंड, म्हणजे सळया, अँगल, पट्ट्या यांत कार्बन साधारण पाव टक्क्याच्या आत असतो. त्याला कितीही पाणी द्या, धार टिकत नाही. कमानीच्या पाट्यात तो अर्धा-पाऊण टक्क्याच्या आसपास असतो, म्हणून तो कडक होतो. ओळखायचं कसं? ग्राइंडरवर धरा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, कार्बन जास्त असेल तर त्या टोकाशी फुलबाजीसारख्या फुटतात. आणि खात्रीची परीक्षा म्हणजे प्रत्येक ढिगातला एक तुकडा तापवून, तेलात विझवून, शिकंज्यात धरून मोडून बघा. कडक झाला असेल तर काचेसारखा तुटतो आणि आतला दाणा बारीक दिसतो. न मोडता वाकला तर तो पाटा धारेच्या कामाचा नाही. यात दहा मिनिटं जातात. मी ती वाचवली होती.

पाणी देताना रंगाच्या अंदाजाबरोबर लोहचुंबक वापरा. सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटणं सोडतं. त्याहून थोडं वर न्यायचं आणि कमानीचा पाटा असेल तर तेलात विझवायचा, पाण्यात नाही. पाण्यात तडा जाण्याचं भय असतं. तेल आधी थोडं कोमट करा. जुनं इंजिन ऑइल वापरू नका, त्याचा धूर छातीला वाईट. विझवलेला नग काचेसारखा ठिसूळ असतो, तो लगेच पुन्हा हलका तापवावा लागतो. घासून चकचकीत केलेल्या धारेवर रंग चढताना दिसतो. गवती पिवळा आला तर २२५ अंशांच्या आसपास, तो सुरीला ठीक. जांभळा २८० च्या जवळ, तो कुऱ्हाडीला, कारण कुऱ्हाडीला दणका सोसायचा असतो. उस्तादांना हे रंग अंधाऱ्या कोपऱ्यात बरोबर दिसतात. नव्या पोरांसाठी आम्ही एक साधा ओव्हन घेतला. ठरलेल्या अंशांवर दोन तास. वाद नाही.

आणि लोखंडाची पावती घ्या. विशेषतः रेल्वेच्या रुळाचा तुकडा. ऐरण महाग म्हणून बरेच जण रुळाचा तुकडा शोधतात, चांगला चालतोही. पण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. रेल्वेने लिलावात विकलेल्या मालाचे कागद भंगारवाल्याकडे असतील आणि तो तुम्हाला पावती देईल, तरच घ्या. नाहीतर जाड पोलादी ठोकळा शोधा. ऐरणीची उंचीही बघून घ्या. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मुठीची हाडं ऐरणीला टेकली पाहिजेत. घणाच्या कामाला थोडी खाली चालते. उंची चुकली की पाच वर्षांत खांदा किंवा कंबर जाते, आणि तिची मजुरी वहीत कुणी लिहीत नाही.

जीव सांभाळा

सैन्यात आम्ही म्हणायचो, अपघात झाल्यावर सगळ्यांना नियम पाठ असतात. म्हणून आधी पाठ करा. चष्म्याशिवाय कुणीही ऐरणीजवळ उभं राहायचं नाही, पाहुणाही नाही. कपडे सुती, नायलॉन अंगाला चिकटून जळतं. साडी असो की ओढणी, खोचून घट्ट बांधलेली. चाचींनी आता साडीवर जाड सुती कोट घालायला सुरुवात केली आहे. पाय झाकणारे चामड्याचे बूट. कानात बोळे, कारण बहिरेपण हळूहळू येतं आणि परत जात नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा भट्टीत कधीही घालू नका. त्याच्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. तेलाच्या डब्याला लोखंडी झाकण हवं, शेजारी वाळूची बादली हवी. पेटलेल्या तेलावर पाणी टाकलं तर आग उसळते.

कागद

घिसाडी असोत, गाडिया लोहार असोत, आपल्या कारागिरांचं कागदांवाचून फार अडतं. पत्ता नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून कर्ज नाही. तेव्हा पहिलं काम आधार आणि बँकेचं खातं. दुसरं, उद्यम नोंदणी. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

तिसरं, पीएम विश्वकर्मा योजना. १७ सप्टेंबर २०२३ ला ती सुरू झाली. अठरा कारागिरी व्यवसाय तिच्यात आहेत, लोहार आणि हातोडे-अवजारं बनवणारे त्यांतलेच. कुटुंबातल्या एकाच माणसाला लाभ मिळतो. पाच ते सात दिवसांचं पायाभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत, आणि तारणाशिवाय कर्ज, आधी एक लाख, ते नीट फेडलं की दोन लाख, कारागिराला पाच टक्के व्याजाने. या पैशातून पहिली खरेदी कोणती? विजेचा ब्लोअर आणि बेल्ट ग्राइंडर. भाता ओढणारा एक माणूस मोकळा होतो आणि धारेचं काम निम्म्या वेळात होतं. घणयंत्र त्यानंतर, आणि मागणी सहा महिने टिकली तरच. कर्जाचा हप्ता दुरुस्तीच्या बुधवारांतून निघतो का ते आधी बघा. प्रदर्शनात मोठी विक्री होईल या आशेवर हप्ता ठरवू नका.

जीएसटीचं असं, की विळा, खुरपं, कुदळ, कुऱ्हाड अशी हाताने चालवायची शेतीची अवजारं करमुक्त आहेत. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या करमुक्त नाहीत. बहुतेक राज्यांत मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, तेलंगणासारख्या काही राज्यांत ही मर्यादा २० लाख आहे. मात्र करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा असेल तर नियम वेगळे आहेत, तेव्हा सुऱ्यांचं पहिलं पार्सल पाठवण्याआधी कर सल्लागाराकडे एक तास बसा.

विक्री

प्रदर्शनांचा मोह आवरा. आमचा हिशोब सांगतो. तीन दिवसांच्या स्टॉलचे ६ हजार, जाण्यायेण्याचे ४ हजार, मजुरीचे साडेचार हजार. एकूण साडेचौदा हजार. एका कोयत्यामागे नफा ११६, म्हणजे नुसती बरोबरी व्हायला १२५ कोयते विकले पाहिजेत. तेवढे कुणी विकत नाही. म्हणून आम्ही वर्षातून एकदाच जातो, आणि तिथे नावं, गावं, कोणती अवजारं लागतात ते लिहून आणतो. खरी विक्री पुढचे अकरा महिने फोनवर होते.

मागणी आली की पाच ओळी लिहून पाठवा : वस्तू, वजन, किंमत, तारीख, धार मोडली तर काय करणार. निम्मे पैसे आधी. ओळखीच्याला सवलत द्या, पण उधारी देऊ नका. सवलत तेवढ्यावर संपते, उधारीत माणूसच तुटतो. पार्सल करताना पात्याला तेल लावा, जाड पुठ्ठ्याचं म्यान करा. कोकण, गोवा, केरळकडे माल जाणार असेल तर तेलाचा हात जास्त. खाऱ्या हवेत आठवड्यात गंज चढतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं लोखंड वाईट.

आणि मालावर ठसा उमटवा. पहिल्या वर्षी आमच्या कोयत्यावर माझ्या आडनावाचं अक्षर होतं. त्या अकरा कुऱ्हाडी परत आल्या तेव्हा मला कळलं, की ठसा माझा होता आणि पारख दुसऱ्याची. आता ठसा उस्तादांच्या घराण्याचा आहे. त्यांच्या वडिलांच्या बैलगाडीच्या चाकाचा, सहा आऱ्यांचा.

वही आता उस्तादांची मुलगी लिहिते. बारावी झाली आहे. दर शनिवारी ती मजुरी वाटते आणि समोर सही किंवा अंगठा घेते. पहिल्या शनिवारी चाचींनी सहा दिवसांचे ३६०० रुपये दोनदा मोजले आणि उस्तादांकडे देऊ लागल्या. मुलगी म्हणाली, ‘अम्मा, ये आपके हैं.’ त्यांनी ते पदरात बांधले. पुढच्या सोमवारी त्यांनी आपल्याला पेलेल असा एक किलो हलका घण मागितला. इतकी वर्षं त्या नवऱ्याच्या मापाचा घण मारत होत्या. नव्या घणाने दिवसाला पाचाऐवजी सहा कोयते होऊ लागले.

तुम्ही उद्या सकाळी तीन गोष्टी करा. एक वही घ्या आणि तुमच्या एका वस्तूचा हिशोब मांडा, घण मारणाऱ्याच्या मजुरीसकट. भट्टीवर जेवढी माणसं आहेत तेवढे चष्मे आणा. आणि संध्याकाळी काम संपल्यावर, तुमच्याकडे सगळ्यांत कमी बोलणारं जे माणूस आहे, त्याच्याशेजारी बसा आणि विचारा, ‘आज कोणता नग तुम्हाला बरोबर वाटला नाही?’ पहिल्या दिवशी उत्तर येणार नाही. तरी रोज विचारा.

 जय हिंद.